पुडीतली गोळी कोणाची?



परवा गटाच्या बैठकीत एका ताईने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी दाखवली. आत चार सुट्या गोळ्या. "तापाच्या आहेत," ती म्हणाली. गोळी कोणती, कोणी बनवली, कधीपर्यंत चालेल, काहीच लिहिलेलं नव्हतं.

आजीच्या काळीही पुडीच मिळायची. पण तेव्हा पुडी देणाराच औषध करणारा होता. वैद्य स्वतः मुळी पारखायचा, खलात घोटायचा, नाडीही तोच पाहायचा. आपल्या मेळघाटात झाडपाल्याचं औषध भूमका देत आला. विलायतेत औषध करून देणाऱ्याला अपॉथेकरी म्हणत. गुण आला नाही तर कोणाच्या दारात जायचं, हे ठाऊक असायचं.

मग दवाखान्यात कंपाउंडर आला. कंपाउंडर म्हणजे मिसळणारा. घरून बाटली न्यायची, तो मिश्रण भरून द्यायचा आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी बाटलीवर चिकटवायचा.

आजचा मेडिकलवाला बहुतेक औषधं बनवत नाही, कारखान्यातली विकतो. बनवणारा दूर गेला, तशी भेसळीला वाट मिळाली. म्हणून १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली. पुढे १९४० च्या कायद्याने औषध बनवायला आणि विकायला परवाना लागू झाला. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी ठरवली.

कायदा असूनही घात होतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेलं ग्लिसरीन औषध म्हणून दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्याची चौकशी केली.

वैद्याचं दार आपल्याला माहीत होतं. कारखान्याचं दार पाकिटावर छापलेलं असतं. म्हणून औषधाचं नाव, कारखान्याचं नाव, बॅच नंबर आणि मुदत, या चार गोष्टी पाहा. पट्टी कापून दोनच गोळ्या दिल्या, तर मुदतीचा भाग बहुधा दुकानातच राहतो. तो आधी बघा आणि बॅच नंबर, मुदत बिलावर लिहून घ्या. बिल मागायला लाजू नका. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सोबत न्या.

त्या ताईला आम्ही पुडी घेऊन आरोग्य केंद्रात पाठवलं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली औषधं घेऊन यायचं आहे. मुदत आपण मिळून वाचू.