बंब गळत होता की त्याला घाम येत होता?

स्मरणिकेसाठी "इतिहासाचं काहीतरी लिहा" असे समितीने सांगितले. वढू बुद्रुकचा इतिहास म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी, आणि त्यावर लिहिणारे अधिकारी लोक वेगळे. मी बँकेतला माणूस. म्हणून आमच्या मोरीतल्या तांब्याच्या बंबाचा इतिहास लिहितो. तोही वढूचाच आहे.

आपल्या नातवंडांनी बंब पाहिला नसेल. तांब्याचे उभे पिंप, मधोमध आरपार नळकांडे आणि खाली जाळी. नळकांड्यात ढलप्या, गोवरीचे तुकडे टाकून पेटवायचे. भोवतीचे पाणी तापते, राख खाली पडते, गरम पाणी पितळी तोटीतून बादलीत. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांबट कारागिरांची वस्ती आहे. तांबे मुळात मऊ, हातोडीच्या ठोक्यांनीच ते कडक होते. आमचा बंब आजोबांनी तिथूनच आणलेला.

गोष्ट १९७२ च्या दुष्काळातली. मी पदवीधर होऊन नोकरीच्या शोधात घरीच होतो. विहिरीने तळ गाठलेला, घागरी मोजून पाणी यायचे. डिसेंबरच्या थंडीत बंबाखालची राख रोज ओली दिसू लागली. रात्री भरलेला बंब सकाळी दोन-तीन तांबे कमी भरायचा. थोरल्या वहिनींचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. पहाटे बंब त्याच पेटवायच्या. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सगळ्यांदेखत निकाल दिला, "रिकामा बंब पेटवला असणार. सांधा सुटलाय." वहिनी म्हणाल्या, "मी पाणी बघूनच पेटवते." पण दुष्काळात पाणी वाया घालवल्याचा आळ म्हणजे साधा नव्हे. आमच्यापैकी कोणी त्यांची बाजू घेतली नाही. मीसुद्धा नाही.

बंब एसटीच्या टपावर टाकून अण्णा आणि मी तांबट आळीत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या तांबटाने हातोडी उचललीच नाही. आधी विचारले, "राख कधी भिजते? पेटवायच्या आधी, की पेटवल्यावर?" अण्णांना सांगता येईना. मी म्हणालो, "पेटवल्यावर. पाणी तापलं की थांबते."

"मग ते गळणं नव्हे, घाम आहे," तो म्हणाला. लाकूड जळताना वाफ निघते. नळकांड्याचे तांबे गार असेपर्यंत ती त्यावर थिजते आणि थेंब राखेत पडतात. तांबे तापले की घाम बंद. सांधा सुटला असता तर बंब विझलेला असतानाही गळला असता.

मग पाणी कमी कसे व्हायचे? त्याने बंब भरला, बाहेरून कोरडा पुसला, बुडाखाली आणि तोटीखाली कोरडी राख पसरली आणि आम्हाला चहाला पाठवले. परत येऊन पाहतो तर बुडाखालची राख जशीच्या तशी, तोटीखाली मात्र खळगा. तोटीचा खुंट झिजला होता. घरी तोटीखाली मोरीचा दगड, थेंब पडला की सरळ गटारात, म्हणून कोणाला दिसला नाही. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटर होतात.

"आणि रिकामा पेटवला म्हणता, तर सांध्याचा डाग बघा," तो म्हणाला. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात, पण डागातले कथील २३२ अंशांनाच पाणी होते. रिकामा पेटवला असता तर डाग आधी ओघळला असता. डाग शाबूत होता. त्याने विटेची पूड आणि तेल लावून खुंट घासून बसवला. काम संपले.

घरी आल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "तोटी खराब होती." बंब नंतर कित्येक वर्षे चालला.

पुढे मी बँकेत लागलो. गावात गॅस आला, गीझर आले आणि आपल्या सोसायटीच्या गच्चीवर सौर बंब बसले. काही वर्षांपूर्वी गच्ची रोज ओली होऊ लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला "गच्चीचा नळ उघडा ठेवता" म्हणून नोटीस गेली. मी खजिनदार, सही माझीही होती. वहिनी आता आपल्याच सोसायटीत राहतात. त्यांनी नोटीस वाचली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तोटी तेव्हा दुरुस्त झाली. मला बोललेलं मात्र कोणी परत घेतलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन गच्चीवर बसलो. सकाळी गच्ची कोरडी, कडक उन्हात दुपारी ओली, ढगाळ दिवशी पुन्हा कोरडी. नळ बंदच. पाणी वीस अंशांवरून ऐंशीवर गेले की शंभर लिटरमागे पावणेतीन लिटर फुगते. ते थंड पाण्याच्या नळीतून उलटे टाकीत जायला हवे. पण दुरुस्तीत कोणीतरी त्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला होता. वाट बंद झाल्याने पाणी हवेच्या नळीतून बाहेर पडत होते. व्हॉल्व्ह काढला, गच्ची कोरडी झाली.

पुढच्या सभेत नोटीस मागे घेतली आणि दिलगिरी इतिवृत्तात नोंदवली. त्या संध्याकाळी वहिनींकडे जाऊन १९७२ ची बाकीही चुकती केली. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षांचं व्याज कोण देणार?" आणि चहा ठेवला.

पंचवीस वर्षांत आपल्याकडे पुष्कळ गळत्या झाल्या, पुढेही होतील. आधी कोरडी राख पसरावी, नाव मग घ्यावे. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.