अद्भुतकथेची पारख

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रविवारची मिस्सा आटोपून लोकांशी बोलत चर्चबाहेर उभा असताना एक माउली आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या हाती एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. मुखपृष्ठावर लांब दाढीचा, हाती काठी घेतलेला जादूगार. "फादर, हे घरात असू द्यावं का?" एवढाच तिचा प्रश्न. मी पुस्तक उघडले नाही. जादूटोण्याची पुस्तके ख्रिस्ती घरात नसलेली बरी, असे सांगून मोकळा झालो. मुलगा खाली मान घालून उभा होता. रोमने निषिद्ध ग्रंथांची सूची १९६६ सालीच रद्द केली होती. माझ्या मनातली सूची मात्र शाबूत होती, असे आज म्हणावे लागते.

ते पुस्तक म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड. पुढे मी ते वाचले, लेखकाचे चरित्रही वाचले आणि ओशाळलो. टॉल्किन यांच्या आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा नातेवाइकांनी तिला मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ साली मधुमेहाने ती गेली. पोरक्या झालेल्या दोन मुलांचा सांभाळ बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. टॉल्किन यांचा थोरला मुलगा जॉन स्वतः धर्मगुरू झाला. अशा घरातले पुस्तक मी न उघडताच घराबाहेर काढायला सांगितले होते!

या पुस्तकांची पारख कोणी, कशी केली, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्याची सुरुवात एका लहान मुलापासून होते. लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांचे मत असे, की मुलांच्या पुस्तकाचा खरा परीक्षक मूलच. १९३६ साली 'द हॉबिट'चे हस्तलिखित आले, तेव्हा त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. अभिप्राय लिहून देण्याचा मोबदला होता एक शिलिंग. रेनरने कथा थोडक्यात सांगितली आणि पुस्तक चांगले असून पाच ते नऊ वयाच्या मुलांना आवडेल, असा निर्वाळा दिला. दहा वर्षांच्या या गृहस्थाने स्वतःला त्या वयोगटातून शिताफीने वगळले होते, हे पाहून हसू येते. पुढल्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुस्तक निघाले.

त्यानंतर 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये २ ऑक्टोबर १९३७ रोजी निनावी परीक्षण छापून आले. हे पुस्तक कदाचित अभिजात ठरेल, असे भाकीत त्यात होते. परीक्षक होते सी. एस. लुईस. त्या साप्ताहिकात परीक्षणाखाली नाव न छापण्याचीच रीत होती, त्यामुळे परीक्षक हा लेखकाचा जिवलग मित्र आहे आणि त्याने हस्तलिखितही आधीच वाचलेले आहे, हे वाचकांना कळायला मार्ग नव्हता. याला आज आपण वशिला म्हणू. मलाही हे पूर्णपणे रुचत नाही. परंतु लुईस यांनी पुस्तक मनापासून वाचले होते, आणि त्यांचे भाकीत खरे ठरले.

'रिंग्ज'च्या वेळी हाच स्नेह आडवा आला. रेनर आता प्रकाशनाच्या व्यवसायात होता. हे पुस्तक छापल्यास हजार पौंडांचा तोटा होईल, असा हिशेब मांडूनही त्याने ते स्वीकारले. १९५४-५५ मध्ये तीन खंड निघाले. माझ्या नावाने तुझा तोटाच होईल, असे लुईस यांनी टॉल्किनना आधीच बजावले होते. तरी त्यांची स्तुती वेष्टणावर छापली गेली, आणि काही परीक्षकांनी पुस्तक बाजूला ठेवून त्या स्तुतीवरच तोंडसुख घेतले. एडविन म्यूर यांना त्यातले वीर पोरसवदा वाटले. कवी ऑडन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून मनमोकळी वाखाणणी केली. सर्वांत कडवट लिहिले एडमंड विल्सन यांनी, एप्रिल १९५६ मध्ये 'द नेशन' या साप्ताहिकात. त्यांच्या मते हा सारा बालिश पसारा होता. गंमत अशी, की आपल्या सात वर्षांच्या मुलीला आपण हे सबंध पुस्तक मोठ्याने वाचून दाखवले, हे त्यांनीच त्या लेखात सांगितले आहे. तिने 'हॉबिट'ची पारायणे केली होती, हेही तेच सांगतात. विल्सन यांच्यावर रागावणे मला जमत नाही. हजारभर पाने मोठ्याने वाचून मगच ते नापसंती देत होते. माझ्याजवळ तेवढेही नव्हते.

त्या माउलीचा प्रश्न मात्र यांपैकी कोणी विचारला नव्हता. तो प्रकाशनापूर्वीच विचारला होता येशूसंघीय रॉबर्ट मरे यांनी. मजकूर वाचून त्यांनी टॉल्किनना कळवले, की यात कृपेच्या व्यवस्थेशी सुसंगत असे काही जाणवते, आणि गॅलाड्रिएल या राणीत पवित्र मरियेची छाया दिसते. २ डिसेंबर १९५३ च्या उत्तरात टॉल्किन यांनी कबूल केले, की हे लेखन मुळात धार्मिक आणि कॅथलिकच आहे. आधी नकळत, पुनर्लेखनात जाणीवपूर्वक. म्हणूनच त्यात त्यांनी धर्मविधी जवळजवळ येऊ दिले नाहीत. धर्म कथेच्या अंगातच मुरला होता. मी मात्र तो मुखपृष्ठावर शोधत होतो.

अलीकडे स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे लेखक वाढले आहेत. अशा पुस्तकांकडे वृत्तपत्रांचे परीक्षक सहसा फिरकत नाहीत. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या क्रिस्टोफर पाओलिनी या तरुणाची 'एरागॉन' ही ड्रॅगनची कथा २००२ साली त्याच्या आईवडिलांनीच छापली. मध्ययुगीन पोशाख घालून तो शाळाशाळांत, ग्रंथालयांत पुस्तक विकत हिंडला. कादंबरीकार कार्ल हायासन यांचा सावत्र मुलगा सुटीत तिथे गेला असता त्याच्या हाती ती पडली. त्याला ती इतकी आवडली, की हायासन यांनी आपल्या प्रकाशकाला, क्नॉफला, कळवले. २००३ मध्ये ती नव्याने निघाली. येथेही पहिली पारख घरातल्या मुलाचीच! मला विचाराल तर त्या कथेवर टॉल्किन यांचे ऋण जरा जास्तच आहे, पण पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेल्या पुस्तकाचे हे वैगुण्य क्षम्य आहे. अँडी वीअर यांच्या 'द मार्शियन'ची प्रकरणे तर आधी त्यांच्याच संकेतस्थळावर येत होती, आणि वाचक त्यांतल्या शास्त्रीय चुका दाखवून देत होते. छापील आवृत्ती २०१४ साली निघाली.

नावाचा दबाव नको म्हणून आपल्याकडेही एकाने युक्ती केली होती. १९७४ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेतली. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले.

आमच्या धर्मग्रामातील तरुणही आता स्वखर्चाने छापलेल्या कादंबऱ्या प्रस्तावनेसाठी घेऊन येतात. मी पंधरा दिवसांची मुदत मागतो आणि पहिल्या पानापासून वाचायला बसतो. त्या मुलाला त्याचे पुस्तक परत मिळाले की नाही, हे मी कधी विचारले नाही. तो आता कॅनडात असतो. नाताळच्या सुट्टीत येणार आहे, असे त्याची आई परवा सांगत होती.