आधी अळणी, मग रस्सा

ताटावर बसलेल्या माणसाला "तिखट किती?" असं विचारायची पद्धत हॉटेलांनी आणली, असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्या न्हावरे गावाकडे ही निवड हॉटेलं येण्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि ती पातेल्यातच व्हायची. मटण आधी हळद, मीठ आणि आलं-लसूण घालून शिजवायचं. ते शिजलं की त्याचं पाणी थोड्या फोडींसह वेगळं काढायचं, ते अळणी. उरलेल्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला पडायचा, तो रस्सा. लेकरं, बाळंतीण, आजारी आणि दात गेलेली माणसं यांच्यासाठी अळणी, बाकीच्यांना रस्सा. चूल एक, जनावर एक, आणि जेवण मात्र प्रत्येकाला झेपेल असं.

माझे वडील, आमचे आण्णा, पंचक्रोशीत कंदुरीच्या, म्हणजे नवसाच्या मटणाच्या जेवणाच्या, स्वयंपाकाला जायचे. त्यांचा एक दंडक होता: अळणी बाजूला निघाल्याशिवाय मसाल्याचा डबा उघडायचा नाही. "मसाला पडला की मागं येता येत नाही," असं ते म्हणत. पंगत बसली की अळणीची बादली पुढं आणि रश्श्याची मागं. कुणाला रस्सा सोसला नाही तर तो ताट पुढं करून "जरा अळणी टाका" म्हणायचा. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नसे. जेवणाऱ्याला तिखट बेतानं घेता यावं, ही यजमानाची जबाबदारी मानली जायची.

ज्या मिरचीसाठी हा सगळा बंदोबस्त, ती मूळची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली. गोवा त्यांनी 1510 साली घेतलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्यातले पदार्थ नोंदवले, त्यांत तिखटपणासाठी मिरी आहे, मिरची नाही. मिरी मलबारहून यायची आणि महाग पडायची. मिरची मात्र परसात, विहिरीच्या पाटाकडेला कुणालाही लावता आली. वाळवून वर्षभर ठेवता आली. आमच्यासारख्या कमी पावसाच्या, बाजरी-ज्वारीच्या मुलखात कोरड्या भाकरीला तिनं चव दिली, म्हणून ती गरिबाच्या घरात इतकी पक्की बसली.

आमच्याकडे उन्हाळ्यात मिरच्या आणून, देठं खुडून, उन्हात कडकडीत वाळवून मसाला कांडतात. त्यातही तिखटाचं माप ठरलेलं असतं. ब्याडगी रंगाला, ती दिसते लालभडक पण जिभेला सौम्य असते. लवंगी किंवा गुंटूरकडची मिरची तिखटाला. दोन्हींचं प्रमाण घरागणिक वेगळं. म्हणून नुसत्या रंगावरून रस्सा ओळखायला जाणारा फसतो.

हे घरचं आणि कंदुरीचं जेवण हॉटेलात गेलं ते रस्त्यामुळं. न्हावरे शिरूर-चौफुला रस्त्यावर आहे. वर शिरूरला नगर रस्ता, खाली भीमा ओलांडून दौंड तालुक्यात चौफुल्याला सोलापूर रस्ता. या दोन्हींना जोडणारी वाहतूक आमच्या गावातून जाते. गावात घोडगंगा साखर कारखाना झाला, तेव्हा हंगामात उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर यांची रीघ लागली. पलीकडे रांजणगावला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि परराज्यातली माणसंही जेवायला येऊ लागली. घरापासून लांब असलेल्या या माणसांना मटण-भाकरी हवी होती. हॉटेलवाल्यांनी ताटात सुकं, रस्सा आणि वाटीभर अळणी ठेवलं. कंदुरीच्या दोन बादल्या ताटात दोन वाट्या होऊन आल्या.

या रचनेत शहाणपण आहे. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यात असतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून वर तरंगणारी लाल तर्री हा रश्श्याचा सगळ्यात तिखट भाग. वाढपी पळी तळातून घालतो की वरून, यावर वाटीतलं तिखट ठरतं. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये मिरचीचं तिखट मोजायची रीत काढली: अर्क साखरेच्या पाण्यात, चाखणाऱ्याला तिखट लागेनासं होईपर्यंत पातळ करत जायचा. पंगतीतला माणूस रश्श्यात अळणी मिसळून, आपल्या जिभेच्या साक्षीनं, तेच करत होता.

इतर गावांनी आपापल्या वाटा काढल्या. कोल्हापुरानं तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा ठेवला. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीला गिऱ्हाईक कमी तिखट, मध्यम की तिखट ते सांगतं. इंग्लंडमधल्या हिंदुस्तानी खाणावळींत कोर्मा म्हणजे सौम्य, मद्रास म्हणजे तिखट आणि विंदालू म्हणजे जहाल अशी चढण ठरून गेली. गोव्याच्या मूळ विंदालूत व्हिनेगर आणि लसणाचं जे महत्त्व होतं, ते तिथं मागं पडलं.

आमच्याकडेही आता काही बिघडतंय. बऱ्याच ठिकाणी अळणी म्हणजे जेवणाआधीचं सूप, कपभर आणि एकदाच. रश्श्यात घालायला पुन्हा मागितलं तर मिळत नाही. तयार मसाल्याच्या पुड्या आणि वरून ओतलेलं लाल तेल यांनी सगळीकडचा रस्सा एकाच चवीचा होत चालला आहे. शिवाय डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाण्याची पैज लावणं म्हणजे मर्दुमकी, असं पोरांना वाटतं. आण्णांच्या पंगतीत ही पैज कधी लागली नाही.

तेव्हा या रस्त्यानं कधी आलात तर आधी अळणी मागा आणि निम्मं वाटीत राखून ठेवा. रस्सा पहिल्यांदा तर्री बाजूला सारून चाखा, भाकरी कुस्करा, मग झेपेल तेवढी तर्री घ्या. सोसलं नाही तर पाणी पिऊ नका. राखलेलं अळणी घाला, नाहीतर दही मागा. आणि हॉटेल चालवणाऱ्या भावांना एवढंच सांगणं: मसाला टाकण्याआधी अळणी भरपूर काढून ठेवा, आणि मागेल त्याला पुन्हा वाढा. आपल्या भागातलं आतिथ्य त्यातच आहे.