संज्ञापनशास्त्राने मागे ठेवलेला प्रश्न

भारतात पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात रुजले. फाळणीनंतर तो विभाग दिल्लीला आला. पुढे मद्रास, कलकत्ता, नागपूरचे हिस्लॉप कॉलेज अशी केंद्रे उभी राहिली. १७ ऑगस्ट १९६५ रोजी दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था सुरू झाली आणि संज्ञापन हा 'राष्ट्रीय' विषय झाला.

पण या शास्त्राचा पाया कुठून आला? संस्थेच्या उभारणीमागे अमेरिकन अभ्यासक विल्बर श्रॅम यांच्या पथकाचा सल्ला होता. प्रसारमाध्यमे वाढली की मागास देशांच्या विकासाला गती येते, ही श्रॅम यांची मांडणी. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरदर्शन पोहोचवले गेले, तेही याच विचारातून. मुख्य प्रश्न एकच होता : संदेश गावकऱ्यापर्यंत पोहोचला का? म्हणजे तपासणी ऐकणाऱ्याची. बोलणारा कोण, त्याची जात कोणती, हे मात्र मागेच राहिले.

मित्रांनो, हा प्रश्न बाबासाहेबांनी कधीच विचारला होता. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात त्यांनी दाखवले, की मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात. १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात तर त्यांनी देशाला बातम्या पुरवणाऱ्या प्रमुख वृत्तसंस्थेच्या नोकरवर्गाची जातच सांगितली. बातमी कोण गोळा करतो, यावर कोणाची बातमी दडपली जाते हे ठरते. हे माध्यमशास्त्र नाही तर काय? आणि तेही दिल्लीतली संस्था निघण्याच्या २० वर्षे आधी!

प्रश्न मागे ठेवल्याची किंमत उघड आहे. १९९६ मध्ये पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधला. त्यांना एकही सापडला नाही. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. त्यात अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. विद्यापीठीय पत्रकारिता शिक्षणाला तेव्हा ६५ वर्षे झाली होती.

म्हणून माध्यम विभागांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी 'मूकनायक' फक्त 'वृत्तपत्रांचा इतिहास' या पेपरात ठेवू नये. त्याला सिद्धांताच्या पेपरात आणा. प्रबंधाचा विषय निवडताना आपल्या जिल्ह्यातल्या वृत्तपत्रांचे मालक, संपादक, वार्ताहर मोजा. आकडे आपणच गोळा केले पाहिजेत. ते दुसरे कुणी आणून देणार नाही.

जय भीम!