दिनविशेषाची एक ओळ

आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी खडूने दिनविशेष लिहिण्याचे काम गेली बावीस वर्षे माझ्याकडे आहे. एक सुविचार, एक शब्दार्थ आणि इतिहासातली एक ओळ, एवढाच मजकूर. दर १४ जानेवारीला मी न चुकता लिहीत असे, ‘१७६१ : ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपतची तिसरी लढाई.’ चार वर्षांपूर्वी एका निवृत्त मास्तरांनी ती ओळ वाचून मला विचारले, “त्या वर्षी संक्रांत चौदालाच होती, हे कशात पाहिलंत?”

मी कशातच पाहिले नव्हते. माझ्या आधी फळा लिहिणारे तसे लिहीत, म्हणून मीही लिहीत होतो.

लढाईच्या दिवसाबद्दल वाद नाही. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. प्रश्न संक्रांतीचा होता. संक्रांत तिथीवर चालत नाही; सूर्य मकर राशीत प्रवेश करतो, त्यावर ती ठरते. आपली पंचांगे राशी मोजतात त्या ताऱ्यांच्या आधाराने, म्हणजे निरयन पद्धतीने. इंग्रजी वर्ष मात्र ऋतुचक्राशी बांधलेले आहे. या दोन वर्षांच्या लांबीत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो. वर्षाला वीस मिनिटे म्हणजे साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस. त्यामुळे संक्रांत इंग्रजी तारखांत हळूहळू पुढे सरकत राहते. आपल्या लहानपणी ती बहुतेक १४ जानेवारीला येई, आता काही वर्षी १५ला येते. हाच हिशेब उलटा, अडीचशेहून अधिक वर्षे मागे नेला की १७६१ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले त्या दिवशी संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. आजच्या दिनदर्शिकेतली संक्रांत आपणच मागे नेऊन त्या दिवसावर ठेवली.

मग मी फळ्यावरच्या इतर ओळीही तपासायला घेतल्या. शिवकाळासाठी खरे जंत्री आणि त्यापुढच्या काळासाठी मोडक जंत्री घेऊन बसलो. पहिला धडा मिळाला तो हा, की तारीख लिहिणाऱ्याने ती कोणत्या पंचांगाची, हे आधी पाहावे.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली युरोपचे पंचांग सुधारले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर एकदम १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच मानली. इंग्रजांनी ती १७५२पर्यंत मानली नाही. तिथे २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार उजाडला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात इंग्रजांची तारीख पोर्तुगीजांच्या तारखेच्या दहा दिवस मागे असे. शिवाय इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. महाराजांनी सुरत लुटली जानेवारी १६६४मध्ये. इंग्रजांच्या त्या वेळच्या रीतीने ते साल १६६३च.

आपण शिवकाळासाठी वापरतो त्या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीच्या आहेत. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार, १९ फेब्रुवारी १६३०. आजच्या पंचांगाने मोजल्यास तोच दिवस १ मार्च १६३०. वार मात्र शुक्रवारच राहतो. या सुधारणेत तारखा गाळल्या, वारांचा क्रम मोडला नाही. म्हणून जुन्या कागदावर वार लिहिलेला असेल तर तो फार मोलाचा साक्षीदार ठरतो.

पण वारही नीट वाचावा लागतो. राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. जंत्रीत त्या तारखेला शनिवार येतो. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत मात्र द्वादशी, शुक्रवार अशी नोंद आहे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा कोणीतरी चुकले असावे असे मला वाटले. कोणीच चुकलेले नाही. थोडी रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले, असे शकावलीच सांगते. आपला वार सूर्योदयाला बदलतो. पहाट झाली तरी सूर्य उगवेपर्यंत शुक्रवारच. इंग्रजी तारीख मध्यरात्रीला बदलते, म्हणून तिच्या लेखी शनिवार लागला होता. तिथीचेही तसेच. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती, म्हणून दिवस द्वादशीचा. पण ती दिवसा संपून त्रयोदशी लागली होती. एकाच पहाटेचे हे दोन हिशेब आहेत.

दरवर्षी तिथीने की तारखेने, यावर आमच्या गावात दोन मंडळे हमरीतुमरीवर येतात. दोघेही समोरच्याला इतिहास कळत नाही असे म्हणतात. तारीखवाल्यांना मी सांगतो, तुमची ६ जून आजच्या पंचांगाने १६ जून होते. तिथीवाल्यांना सांगतो, शकावलीत द्वादशी आहे. मग दोघेही थोडा वेळ गप्प बसतात.

यंदा १४ जानेवारीला मी फळ्यावर लिहिले, ‘१७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार : पानिपतची तिसरी लढाई. संक्रांत त्याआधीच होऊन गेली होती.’ एक नेहमीचे वाचक रागावून आत आले. म्हणाले, “संक्रांतच काढून टाकलीत, मग त्या ओळीत राहिलं काय?”

मी म्हटले, “पानिपत राहिलं की.”

ते काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र घेऊन बसले. थोड्या वेळाने उठून आले आणि म्हणाले, “तो वीस मिनिटांचा हिशेब जरा कागदावर मांडून द्या. नातवाला दाखवतो.”

मी मांडून दिला. मास्तर आता हयात नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र मी फळ्याच्या मागच्या बाजूला लिहून ठेवला आहे : ‘कशात पाहिलंत?’ रोज खडू हातात घेण्याआधी तो एकदा वाचतो.