सरकारच्या वहीत बाईचं आरोग्य

गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ता आणि व्याज यांचा हिशेब पै-पैचा ठेवतो. आज एक वेगळा हिशेब उघडू या. आपल्या आरोग्यासाठी सरकारनं आजवर काय काय ठरवलं, ते ठरवायला कुणी भाग पाडलं, आणि त्यातलं आपल्या उंबऱ्यापर्यंत काय पोचलं, याचा हा हिशेब आहे. गोष्ट साधारण एकशेचाळीस वर्षांची आहे.

सुरुवात होते ती लाजेपासून. त्या काळी बाई कितीही आजारी असली तरी पुरुष डॉक्टरापुढे जाणं घराला मान्य नसायचं, आणि बाई डॉक्टर तर नव्हतीच. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे त्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन 1886 साली डॉक्टरकीची पदवी घेतली. परत आल्या, पण 1887 च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आतच, क्षयानं गेल्या. त्याच सुमाराला, 1885 मध्ये, बायकांना बाई डॉक्टर मिळाव्यात म्हणून व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावानं निधी उभा राहिला. 1886 मध्ये मुंबईत बायका आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. हे सगळं चाललं मुख्यतः देणग्यांवर आणि तेही शहरात. खेड्यातल्या बाईला सुईण हाच आधार होता.

दुसरं पाऊल पडलं ते गिरणीच्या दारात. मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बाया काम करत. बाळंत झालं की रजा नाही, मजुरी नाही. मुंबई कायदेमंडळात 1928 साली बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, म्हणून त्याचा भार बराचसा सरकारनं उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. 1961 मध्ये साऱ्या देशासाठी तसा कायदा आला. पण मैत्रिणींनो, शेतात खुरपणारी, ऊस तोडणारी, वीटभट्टीवर राबणारी बाई या कायद्यांच्या बाहेरच राहिली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये देण्याचं कबूल केलं. 2017 मध्ये मातृवंदना योजना आली, तेव्हा ती रक्कम पाच हजारांवर आणि पहिल्या बाळापुरती आली. आता दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. कायद्यात 'प्रत्येक' म्हटलं आणि योजनेत अटी घातल्या, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. आपल्या आजच्या सरकारी दवाखान्यांचा आराखडा त्यातून निघाला. समितीच्या अंदाजानं तेव्हा दर हजार बाळंतपणांमागे सुमारे वीस बाया मरत होत्या आणि वर्षाला दोन लाख आया जात होत्या. शिकलेल्या सुइणी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पाच हजारांच्या आसपास होत्या. समितीनं सांगितलं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि गावांच्या जवळ आरोग्य केंद्र असावं. 1952 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली. आज नियम असा आहे की सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र हवं. डोंगरी आणि आदिवासी भागात हे आकडे वीस हजार आणि तीन हजार आहेत. आपल्या भागात हे जुळतं का, ते मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

पण याच 1952 मध्ये आणखी एक कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढची चाळीस वर्षं त्यानंच आरोग्य खात्याचा बराचसा वेळ खाल्ला. तो म्हणजे कुटुंबनियोजन. मूल कधी हवं आणि किती हवीत हे बाईला ठरवता आलं पाहिजे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यासाठी नोकरी गमावली, लोकांचे शिव्याशाप खाल्ले. सरकारनं हा विचार उचलला खरा, पण बाईच्या मर्जीपेक्षा देशाच्या लोकसंख्येची चिंता पुढे झाली.

मग टार्गेट आलं. अमुक महिन्यात अमुक इतकी ऑपरेशनं. आणीबाणीत तर कहर झाला. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळानं 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. 1977 च्या निवडणुकीत लोकांचा राग दिसला. त्यानंतर पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायला पुढारी घाबरू लागले, आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं आणि कमी धोक्याचं आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर विवाहित बायांपैकी सुमारे अडतीस जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि जिच्या नवऱ्याचं झालं अशी शंभरात एकही भरत नव्हती.

या टार्गेटपायी नर्सबाईंचंही मरण झालं. उन्हातान्हात 'केस' शोधत फिरायचं, नाही मिळाली तर पगार अडायचा. बाई पांढरं जातं म्हणून सांगायला आली तरी तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? बायकांच्या संघटनांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. 1994 मध्ये कैरोच्या जागतिक परिषदेत साऱ्या देशांनी मान्य केलं की बाईचं आरोग्य आणि तिचा हक्क आधी. 1996 मध्ये भारत सरकारनं टार्गेट काढून टाकलं.

मधल्या काळातला 1971 चा गर्भपाताचा कायदा मात्र विसरू नका. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशीवरून तो आला. त्या कायद्याखाली मान्यता असलेल्या दवाखान्यात, कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, शिकलेल्या डॉक्टरकडून गर्भपात करून घेता येतो. बाई अठरा वर्षांवरची असेल तर तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.

आता गडचिरोलीला जाऊ. तिथं डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली. फक्त गरोदर नव्हे, सगळ्या बाया. 1989 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात निष्कर्ष छापून आला. शंभरात ब्याण्णव जणींना अंगावरचा कुठला ना कुठला आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. म्हणजे बाई गरोदर नसेल, ऑपरेशनची 'केस' नसेल, तर सरकारच्या वहीत तिला पानच नव्हतं. या अभ्यासानं जगाचे डोळे उघडले. त्याच गडचिरोलीत गावातल्या शिकवलेल्या बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्याचं मूळ तिथं आहे.

आशाताई आल्या 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. त्याच वर्षी जननी सुरक्षा योजना आली. 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. त्यानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, आणण्या-नेण्याची गाडी, सगळं त्यात येतं. याचा परिणाम दिसला. 2001-03 मध्ये महाराष्ट्रात लाख बाळंतपणांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये तो आकडा 33 वर आला. या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, जिथं आई परत आली. आणि ज्यांच्या पायपिटीमुळे हे झालं त्या आशाताईंना अजूनही कामाचा मोबदला मिळतो, कायम नोकरीचा पगार नाही, हेही याच हिशेबात लिहायला हवं.

मग सगळं नीट झालं का? तीन गोष्टी सांगतो, तुम्हीच ठरवा.

पहिली गोष्ट रक्ताची. रक्तक्षयाविरुद्ध सरकारी कार्यक्रम 1970 पासून आहे. तरी आपल्या राज्यात 2015-16 च्या पाहणीत शंभरात 48 बायांना रक्तक्षय होता, आणि 2019-21 मध्ये 54 जणींना. गोळ्या वाटल्या जातात. पण घरात सगळ्यांत शेवटी, उरलेलं खाणाऱ्या बाईचं रक्त नुसत्या गोळ्यांनी कसं भरेल?

दुसरी गोष्ट गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एक लाख तीस हजारांवर बायांना घेऊन मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल त्यात होतं. 2009 साली निष्कर्ष आला की या कॅन्सरच्या विषाणूची एकदा तपासणी केली तरी मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात. जगाला हा धडा आपल्या मराठवाड्यातल्या बायांनी दिला. 2016 मध्ये सरकारनं तिशीनंतर तपासणीचं धोरण ठरवलं. पण 2019-21 मध्ये देशात तपासणी झालेल्या बाया शंभरात दोनच्या आसपास होत्या.

तिसरी गोष्ट बीडची. ऊसतोडीला जाताना नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल घेतलेली, पाळीत पोट दुखलं म्हणून खाडा झाला तर दंड. फडात ना न्हाणीघर ना संडास. मग 'पिशवीच काढून टाका' हा सल्ला सोपा वाटतो. 2019 मध्ये सरकारी समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. त्यानंतर खासगी दवाखान्यांवर परवानगीची अट आली. ती आवश्यकच होती. पण फडावरचं पाणी, संडास आणि खाड्याचा दंड हे प्रश्न आरोग्य खात्याच्या वहीत मावत नाहीत, आणि दुखणं तर तिथूनच सुरू होतं.

या सगळ्या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट दिसते. जे मोजलं गेलं, त्याकडे सरकारनं लक्ष दिलं. ऑपरेशनं मोजली, ऑपरेशनं वाढली. दवाखान्यातली बाळंतपणं मोजली, आया वाचल्या. जे मोजलं नाही, ते अंगावर काढायची पाळी आपल्यावर आली. आणि काय मोजायचं हे दर वेळी वरूनच ठरलं असं नाही. कुणीतरी बोललं, भांडलं, दाखवून दिलं, तेव्हा वही बदलली.

आपल्या हातातही काही आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला दरवर्षी निधी येतो. तिच्यात निम्म्या बाया असायला हव्यात. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकांनीच दवाखान्यांवर देखरेख सुरू केली. गावानं आपल्या आरोग्यसेवेला गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले, आणि बंद उपकेंद्रं उघडली.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याची वही मिटली की चार प्रश्न घ्या. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहे? यंदाचा निधी कशावर गेला? गटातल्या किती जणींचं हिमोग्लोबिन या वर्षी तपासलं? तिशीच्या पुढच्या किती जणींची कॅन्सरची तपासणी झाली? उत्तरं एका कोऱ्या पानावर लिहा, तारीख घाला, आणि ते पान घेऊन सगळ्या मिळून ग्रामसभेला जा.