जुन्या जोडलेल्या जीपला पॉवर ब्रेक, पॉवर स्टेअरिंग : बसवण्याआधी काय बघायचं, आरटीओचा नियम काय

बीदर : भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण या पट्ट्यात जुनी जीप अजून टिकून आहे. कुणाकडे वडिलांच्या काळातली, कुणी लष्कराच्या लिलावातली घेतलेली, तर कुणी हरियाणातल्या मंडी डबवालीहून जोडून आणलेली. गाडी दिसायला दणकट असते, इंजिनही सुरात असतं. पण उदगीर किंवा कलबुर्गीला जाऊन यायचं म्हटलं की दोन तक्रारी ठरलेल्या. स्टेअरिंग फिरवताना हात भरून येतात आणि ब्रेकवर जवळजवळ उभं राहावं लागतं. मग गॅरेजवाला सुचवतो, ‘पॉवर बसवून टाका.’

काम होण्यासारखं आहे. पण तयार गाडीत हे दोन्ही बसवणं म्हणजे सीट कव्हर बदलणं नव्हे. जागा, जोडणी, कागद आणि चालवायची सवय, असं चारही बाजूंनी बघावं लागतं.

जोडलेली गाडी म्हणजे काय

परदेशात सुटे भाग विकत घेऊन घरी गाडी जोडण्याचा छंद आहे, तिला ‘किट कार’ म्हणतात. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे जीप. भारतातली जीप सुरूच अशी झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग परदेशातून आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे चेसिस एका गाडीची, इंजिन दुसरीचं, गिअरबॉक्स तिसरीचा अशा जीप गॅरेजांतून तयार होऊ लागल्या.

अशा गाडीला तयार माप नसतं. एका जीपला बसलेला बूस्टर शेजारच्या जीपला बसेलच असं नाही. म्हणून आधी माप, मग खरेदी.

आधी फुकटातली तपासणी

स्टेअरिंग जड आहे म्हणजे पॉवर नाही म्हणूनच जड आहे, असं समजू नये. टायरमध्ये हवा कमी, किंगपिन कोरडी, टायरॉडचे एंड जाम, स्टेअरिंग बॉक्समध्ये तेल नाही किंवा मूळ मापापेक्षा रुंद टायर घातलेले, यातलं एक कारण बऱ्याचदा सापडतं. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टेअरिंग फिरवून बघावं. चाकं हवेत असतानाही जड लागलं तर दोष जोडणीत आहे. तिथे पॉवर बसवली तर ती दोष झाकेल, घालवणार नाही.

ब्रेकचंही तसंच. लायनर चकचकीत झालेले, व्हील सिलिंडर अडकलेले, ड्रम झिजलेले किंवा ब्रेक ऑइल अनेक वर्षं जुनं असेल तर कितीही मोठा बूस्टर लावा, गाडी थांबणार नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे गरम झाल्यावर त्यात वाफ धरते आणि पेडल खाली जातं. आधी लायनर, सिलिंडर, होज आणि तेल नवं करावं. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच भागतं.

पॉवर ब्रेक काम कसा करतो

१९२७ मध्ये बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र यांनी निर्वात दाबावर चालणारा ब्रेक बूस्टर बनवला. तत्त्व आजही तेच आहे. ताटाएवढ्या गोल डब्यात रबरी पडदा असतो. एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला पेडल दाबल्यावर आत येणारी बाहेरची हवा. हवेचा दाब पडद्याला ढकलतो आणि तो जोर मास्टर सिलिंडरवर जातो.

हिशेब सोपा आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या दाबात चौरस सेंटिमीटरला ०.६५ किलोचा फरक धरला तर जास्तीत जास्त सुमारे २०० किलोचा जोर मिळतो. तो पायाने लावायचा म्हणजे उभं राहण्याचीच पाळी.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बूस्टर पायाचे कष्ट वाचवतो. टायरची रस्त्यावरची पकड वाढवत नाही. चाक जाम होईपर्यंत आताच ब्रेक लागत असेल तर बूस्टरने गाडी लवकर थांबणार नाही, चाक मात्र लवकर जाम होईल.

डिझेल जीपची अडचण

पेट्रोल इंजिनात निर्वात दाब इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. बहुतेक डिझेल इंजिनांत हवा अडवणारी थ्रॉटलची झडप नसते, त्यामुळे तिथे पुरेसा निर्वात तयार होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जीप डिझेल. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला असतो आणि त्याला इंजिन ऑइलची येणारी-जाणारी नळी लागते. मॅनिफोल्डला नळी जोडून बूस्टर ‘बसवला’ म्हणणाऱ्याला डिझेल गाडीत निर्वात येतो कुठून, हे विचारावं.

दुसरी अडचण जागेची. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर पायाखाली, चेसिसजवळ असतो. बूस्टर मात्र इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर बसतो. म्हणजे पेडलच बदलून वरून टांगलेलं घ्यावं लागतं आणि पत्र्याला आतून जाड प्लेट लावावी लागते. नाहीतर जोरात ब्रेक मारला की पत्रा वाकतो आणि पेडलचा जोर तिथेच संपतो. जागा नसेल तर कमी व्यासाचा दोन पडद्यांचा बूस्टर किंवा पेडलपासून लांब, नळीवर बसणारा रिमोट बूस्टर हे पर्याय आहेत.

पेडलचं गुणोत्तरही बघावं. बिनबूस्टरच्या गाडीत ते साधारण सहास एक असतं, बूस्टरच्या गाडीत चारास एकच्या आसपास. जुनंच पेडल ठेवून बूस्टर लावला तर ब्रेक जरा टेकवला तरी गाडी झटका देते. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधला दांडा मापाने जुळवावा. दांडा लांब राहिला तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, ड्रम तापतात आणि चाक धरतं.

हा सगळा खटाटोप करतानाच एका सर्किटचा जुना मास्टर सिलिंडर काढून दोन सर्किटचा घालावा. मग एक नळी फुटली तरी गाडीच्या अर्ध्या चाकांना ब्रेक राहतो. बूस्टरपेक्षाही जीव वाचवणारा बदल हाच.

पॉवर स्टेअरिंगचे दोन प्रकार

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये पॉवर स्टेअरिंग गाडीला लावून दाखवलं. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ च्या क्रायस्लर इम्पिरियलमध्ये आलं. विजेवर चालणारं स्टेअरिंग जपानमध्ये १९८८ च्या सुझुकी सर्व्होत आलं. आपल्याकडे दोन्ही प्रकार जुन्या गाड्यांना लावले जातात.

हायड्रॉलिक प्रकारात इंजिनच्या बेल्टवर पंप फिरतो आणि तेलाच्या दाबाने स्टेअरिंग बॉक्सला मदत मिळते. त्यासाठी पंप, पुली, टाकी, जास्त दाबाची होज आणि पॉवरचा बॉक्स असा पूर्ण संच लागतो. पुली एका रेषेत नसेल तर बेल्ट उडतो. होज सायलेन्सरच्या पाइपजवळून नेली तर ती वितळून तेल पेटू शकतं. बॉक्स चेसिसला नुसता बोल्टने न धरता तिथे मजबुती द्यावी लागते, कारण आता चेसिसवर जास्त जोर येणार असतो. पॉवर स्टेअरिंगचं तेल आणि ब्रेक ऑइल एकमेकांत कधीही मिसळू नये. ब्रेकचे रबर फुगतात आणि ब्रेक जातो.

इलेक्ट्रिक प्रकारात स्टेअरिंगच्या दांड्यावर मोटर असते. छोट्या कारचा जुना कॉलम आणून तो बसवण्याची पद्धत आहे. यात तेल नाही, बेल्ट नाही. पण जागेवर स्टेअरिंग फिरवताना मोटर ४०-५० अँपिअरपर्यंत करंट ओढू शकते. जुन्या डायनामोला ते झेपत नाही. अल्टरनेटर, जाड वायर आणि वेगळा फ्यूज लागतो. शिवाय मूळ कारमध्ये या मोटरला वेगाचा सिग्नल मिळतो आणि वेग वाढला की मदत कमी होते. जीपमध्ये तो सिग्नल नसेल तर मदत कायम एकसारखी राहते आणि ताशी ८० च्या वेगाला स्टेअरिंग नको इतकं हलकं लागू शकतं.

दोन्ही प्रकारांत एक नियम : स्टेअरिंगचा दांडा कापून वेल्डिंग करू नये. दाते असलेले सांधे आणि योग्य युनिव्हर्सल जॉइंट वापरावेत. वेल्डिंग तुटलं तर हातात नुसतं चाक राहतं.

सवय बदलावी लागते

आपल्या भागात डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे ड्रायव्हर आहेत. बीदरच्या पठारावरून मांजरा खोऱ्याकडे उतरताना बिनबूस्टरच्या जीपने हे खपून गेलं असेल. ती सवय तेव्हाही चुकीचीच होती. बूस्टर बसवल्यावर ती जीवघेणी ठरते. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरता उरतो. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं, आणि गुणोत्तर बदललेलं असल्याने ते जुन्या जीपपेक्षाही जड लागतं. हायड्रॉलिक स्टेअरिंगची मदतही त्याच क्षणी जाते.

म्हणून पॉवर बसवलेली गाडी उतारावर गिअरमध्ये आणि चालू इंजिनवरच चालवावी. इंजिन मध्येच बंद पडलं तर ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच दाबून धरून ठेवावा. गाडी घरातला मुलगा, ड्रायव्हर, शेतातला गडी असे तिघे चालवत असतील तर हे तिघांनाही सांगावं.

आरटीओ, विमा आणि सीमेपलीकडचा नंबर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आरसीवर पॉवर ब्रेक किंवा स्टेअरिंगचा रकाना नसतो, म्हणून काही होत नाही, असं गॅरेजमध्ये सांगतात. त्यावर विसंबू नये. त्याच मॉडेलला कंपनीने पॉवरचा प्रकार दिला असेल तर तेच कंपनीचे भाग लावणं सगळ्यात सुरक्षित. काम सुरू करण्याआधी आरटीओला लेखी विचारावं. परवानगी घेऊन केलेला बदल १४ दिवसांत कळवायचा असतो. अपंगत्वामुळे गाडी जुळवून घ्यायची असेल तर कायद्यात त्यासाठी वेगळी सोय आहे. तसं आरटीओला सांगावं.

चेसिस नंबर आणि आरसी जुळत नसेल तर एक रुपयाही घालू नये. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जीप बनवली, तिचं देशभर कौतुक झालं. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल असं म्हटलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. सगळ्यांना अशी बोलेरो मिळत नाही.

लातूर, नांदेड, सोलापूरकडची एमएच पासिंगची जीप घेऊन बीदर-कलबुर्गीत वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते. आधी नंबर बदलून घ्यावा, मग काम काढावं. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणालाही गाडी दाखवावीच लागते. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पोच जपून ठेवावी. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

गाडी ताब्यात घेताना

- इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.
- इंजिन बंद करून पाच मिनिटांनी ब्रेक दाबा. पहिल्यांदा मऊ लागला पाहिजे. लगेच कडक लागला तर निर्वात गळतोय.
- चारही चाकं उचलून ब्रेक मारा, सोडा. प्रत्येक चाक मोकळं फिरलं पाहिजे.
- स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा; होज किंवा टायर कुठे घासू नये. गाडी चालवून वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ यायला हवं.
- पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, कमी वेगात. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि तेलाची पातळी पुन्हा तपासा.

खर्चाचा अंदाज काढताना नुसते बूस्टर आणि बॉक्सचे भाव धरू नयेत. व्हॅक्यूम पंप, मास्टर सिलिंडर, नळ्या, लेथचं काम, आरटीओची फी आणि गाडी उभी राहण्याचे दिवस हेही त्यात येतात. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी ब्रेक करावा. स्टेअरिंग जड असलं तर हात दुखतात, पण ब्रेक लागला नाही तर सावरायला वेळ मिळत नाही.